बीम संपल्याची खूण

धोंडीराम म्हेत्रे यांचा आकडा सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी एक्क्याऐंशी झाला. आठवड्यापूर्वी तो सव्वीस होता, आदल्या दिवशी सत्तेचाळीस. अकरा त्रेचाळीसला त्यांना आमच्या छातीरोग केंद्रात आणले गेले, तेव्हा त्यांच्या तोंडावर रुग्णवाहिकेतला मास्क होता आणि दोन शब्दांमध्ये तीन श्वास लागत होते.

हा आकडा ‘श्वासलेख’ देतो. घरी प्राणवायू घेणाऱ्या रुग्णाच्या नाकातील नळीत तांदळाच्या दाण्याएवढा संवेदक बसवलेला असतो. प्रत्येक श्वासाची लांबी, वेग आणि उच्छ्वासाच्या अखेरीस बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड तो मोजतो. निरोगी माणसाचे कोणतेही दोन श्वास तंतोतंत सारखे नसतात. फुप्फुसे थकू लागली की हा फरक आटतो. माणसाला दम जाणवण्याच्या कितीतरी आधी त्याचे श्वास एकसुरी होतात. त्रेचाळीस हजार रुग्णांच्या नोंदींवर हे यंत्र घडवले गेले आहे. येत्या चौदा दिवसांत फुप्फुसे निकामी होण्याची शक्यता शेकडा किती, हे ते सांगते. शक्यता वाढली की घरच्या यंत्रातला प्राणवायूचा झोतही आपोआप वाढवते.

यंत्राच्या अचूकतेवर माझा आक्षेप नव्हता. आमच्याकडील सहाशे रुग्णांवर मी ते पडताळून पाहिले होते. ज्यांना ते ऐंशी देते, अशा शंभरांपैकी एकोणऐंशी जणांची फुप्फुसे खरोखर निकामी होतात. यापेक्षा चांगला अंदाज मी माझ्या वीस वर्षांच्या अनुभवातून देऊ शकत नाही. माझा आक्षेप नियमाला होता. आकड्याने साठ ओलांडले की डॉक्टरने रुग्णाशी ‘पूर्वसंवाद’ करायचा, म्हणजे शेवटच्या उपचारांविषयी त्याची इच्छा विचारायची आणि त्याच्याच आवाजात नोंदवायची. नोंद नसेल, तर वेळ येताच श्वासनलिकेत नळी घालून कृत्रिम श्वसन सुरू करायचे. हेतू चांगला होता. व्यवहारात मात्र साठनंतर बोला याचा अर्थ साठपर्यंत बोलू नका, असा झाला. नातेवाइकांना ते सोयीचे होते. डॉक्टरांना अधिकच.

मी अपवाद नव्हते.

अकरा महिन्यांपूर्वी धोंडीराम तपासणीला आले होते. इचलकरंजीच्या साध्या मागांवर अडतीस वर्षे जॉबर, म्हणजे बिघडलेला माग दुरुस्त करणारे कारागीर. कापसाच्या धुळीने आणि विडीने फुप्फुसांचा तिसरा हिस्साच शिल्लक ठेवला होता. त्या दिवशी ते खुशीत होते. कारखान्यात शेकडो मागांच्या खडखडाटात माणसे एकमेकांशी कशी बोलत, ते त्यांनी मला हातांनी करून दाखवले. दोन तर्जन्या जुळवून झटक्यात दूर केल्या, की धागा तुटला. मूठ पान्ह्यासारखी फिरवली, की जॉबरला बोलवा. तर्जनी डावी-उजवीकडे धोट्यासारखी पळवली, की माग चालू ठेवा. अंगठा ओठाला, चहा. दोन मुठी एकमेकींभोवती गोल फिरवून मग दोन्ही तळवे रिकामे उघडले, की बीम, म्हणजे मागावरचा ताण्याच्या सुताचा रूळ, संपला.

“धागा तुटला तर जोडायचा,” ते म्हणाले. “बीम संपल्यावर काय जोडनार? कापड उतरवायचं, माग बंद करायचा.”

“आणि समोरच्याला कळले, हे कसे समजायचे?”

“हात वर करायचा. हात वर आला न्हाई तोवर खूण करतच ऱ्हायाचं.” मग त्यांनी विचारले, “म्याडम, ती घशात नळी घालत्यात न्हवं? आमच्या थोरल्या भावाला घातलेली. तेवीस दिस. हात बांधलेलं. काय सांगायचं आसंल तर कसं सांगणार? तेचं काय ते एकदा…”

मी पडद्याकडे पाहिले. एकोणीस.

“ते आत्ता कशाला?” मी म्हणाले. “आकडा एकोणीस आहे. वेळ आली की बोलू.”

“आकडा मशिनीचा हाय,” ते हसून म्हणाले. “इचारतोय मी.”

बाहेर चौदा रुग्ण थांबले होते. मी औषध लिहून दिले.

बारा वाजून दहा मिनिटांनी रक्ताचा अहवाल आला. कार्बन डायऑक्साइड अठ्ठ्याहत्तर, रक्त आम्लाकडे झुकलेले. मास्कमधून दाबाने हवा देणे सुरू केले होते, पण श्वास उथळच होते. हा वायू रक्तात साचत गेला की माणसाला गुंगी येते आणि गुंगीतल्या माणसाचे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही. माझ्या हिशेबाने आमच्यापाशी दोन तास होते. फार तर अडीच.

दारातच त्यांच्या पत्नीने, मालनबाईंनी, मला अडवले. मुलगा उमेश मागे उभा होता.

“म्याडम, तेंच्यापुढं आकडा काढू नका.” मालनबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. “सा महिनं झालं, मशिनीच्या काचंवर मी रुमाल टाकलाय. तेंना एक आकडा दिसू दिला न्हाई. ऐकलं की हाय खातील.”

“त्यांना न विचारता मला पुढचे ठरवता येत नाही.”

“नियम मी वाचलाय, मॅडम,” उमेश म्हणाला. तो शहराबाहेरच्या एका कारखान्यात हवेच्या झोतावर चालणारे माग संगणकावरून सांभाळत असे. “संवादाची नोंद नसेल तर नळी घालतात. बरोबर? मग नोंद करूच नका. घाला नळी.”

“नळी घातल्यावर काय होते, तेही वाचले का?”

“तुम्ही सांगा.”

“त्यांच्यासारखी फुप्फुसे असलेल्या दहांपैकी एखादा घरी जातो. उरलेले नळीवरच जातात. काहींना आठवडे लागतात.”

“मग एखाद्यात आमचे अण्णा असतील! आमच्याकडं माग थांबला तर मशीनच सांगतं काय झालंय, आणि आम्ही परत चालू करतो. तुम्ही तर चालू व्हायच्या आधीच बंद करायचं बोलताय.”

“मी काहीच बंद करायचे म्हटलेले नाही. मी विचारणार आहे.”

“इचारणं म्हंजे सांगनंच की ओ!” मालनबाई म्हणाल्या. मी आत गेले.

धोंडीराम बसून होते, हात गुडघ्यांवर रोवलेले. डोळे स्वच्छ आणि जागे होते. मी खुर्ची जवळ घेतली. ते दोघेही आत येऊन भिंतीशी उभे राहिले.

“धोंडीरामअण्णा, आज तब्येत फार बिघडली आहे. मास्कने भागेल याची खात्री नाही. पुढे काय करायचे, ते तुम्हाला विचारायचे आहे. चालेल?”

त्यांनी मान हलवली आणि मास्ककडे बोट केले. मी तो बाजूला केला. त्यांना जेमतेम अर्धे मिनिट मिळणार होते.

“आठ… दिस…” ते म्हणाले. “आवाज… बदललाय. मशिनीचा.”

मास्क परत लावावा लागला. मालनबाईंचा हात तोंडावर गेला होता. आकडा रुमालाखाली होता, पण प्राणवायूचा झोत वाढत होता. आयुष्यभर आवाजावरून मागाचा बिघाड ओळखणाऱ्या माणसाने तो उशाशी रात्रंदिवस ऐकला होता. घरात सर्वांना सर्व ठाऊक होते आणि एकजणही बोलला नव्हता. त्या घरात मी स्वतःलाही धरते.

मी नोंदयंत्र सुरू केले. त्याला रुग्णाच्या आवाजात एक पूर्ण वाक्य लागते. मास्क काढला.

“नळी… न…”

‘वाक्य अपूर्ण. कृपया पुन्हा प्रयत्न करा,’ यंत्राने सौम्य आवाजात सांगितले.

मास्क लावला. तीन मिनिटे थांबलो. पुन्हा काढला.

“मला… ती…” खोकल्याची उबळ आली. ओठ निळे पडले.

‘वाक्य अपूर्ण. कृपया पुन्हा प्रयत्न करा.’

“आवो, मरायला लागलाय त्यो मानूस!” मालनबाई यंत्रावर ओरडल्या. “काय प्रयत्न करा म्हनतंय मुडदं!”

तिसरा प्रयत्न मी केला नाही. एक वाजायला दहा मिनिटे होती.

धोंडीरामांनी माझ्या बाहीला धरून ओढले. मग गुडघ्यांवरचे हात उचलले आणि तर्जनी धोट्यासारखी पळवून ‘नाही’ अशी मान हलवली. पुढची खूण करण्याआधीच मी त्यांचे हात धरले.

“थांबा, अण्णा. आत्ता नको. यांच्यासमोर नको.”

नियमात एक पोटकलम आहे. रुग्ण बोलू शकत नसेल तर खुणा ग्राह्य धरता येतात. मात्र उपचार करणाऱ्या डॉक्टरखेरीज दोन व्यक्तींनी त्या खुणांचा अर्थ स्वतंत्रपणे एकच सांगितला पाहिजे. ही भाषा येणारी एक व्यक्ती खोलीतच होती: मालनबाईंनी बावीस वर्षे त्याच कारखान्यात धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरल्या होत्या. उमेशला ती येत नव्हती. त्याचे माग स्वतःच बोलतात.

दुसरी व्यक्ती तळमजल्यावर सापडली. गफूरभाई मोमीन, धोंडीरामांच्या शेजारच्या मागांवर तीस वर्षे काम केलेले. फुप्फुसे तशीच धुळीने खाल्लेली. मंगळवारी ते श्वासाच्या व्यायामाला येत आणि तो मंगळवार होता. ओठांचा चंबू करून ते फुंकर घालत बसले होते.

“धोंड्या वर हाय?” ते उठलेच. “मला कवा सांगनार हुता?”

“आधी माझे एक काम करायचे आहे, गफूरभाई. मी चित्रफिती दाखवीन. खुणांचा अर्थ सांगायचा. प्रश्न काय होता, ते विचारायचे नाही.”

चाचणी अशी रचली. मालनबाई एका खोलीत, गफूरभाई दुसऱ्या खोलीत. दोघांशी माझी परिचारिका बोलणार, जिला प्रश्न ठाऊक नव्हते. उमेशला मी धोंडीरामांच्या खोलीत ठेवले. मी काही फेरफार केला, असे त्याला पुढे वाटू नये म्हणून. मी पाच प्रश्न विचारायचे, नोंदयंत्राने उत्तरांचे नुसते चित्र टिपायचे, आवाज नाही. पाचांपैकी तीन प्रश्न कसोटीचे होते. त्यांची उत्तरे बरोबर आली तर रुग्ण शुद्धीवर आहे आणि वाचणाऱ्यांना भाषा येते, हे दोन्ही सिद्ध होणार होते.

“अण्णा, पाळी अर्धी झाली की काय घेत होता?”

अंगठा ओठाला.

“धोट्यात अडकून सूत तुटले तर?”

दोन तर्जन्या, झटका.

“मग कोणाला बोलवायचे?”

पान्ह्याची मूठ. आणि मग, श्वास पुरत नसतानाही, तीच मूठ स्वतःच्या छातीवर. जॉबर मीच. उमेशच्या तोंडून हसण्यासारखा आवाज निघाला.

“आता नीट ऐका. मास्कने भागले नाही तर घशात नळी घालून यंत्राने श्वास देता येतो. त्यातून बाहेर पडून घरी जाण्याची शक्यता थोडी आहे, दहांत एक. नळी घातली नाही, तर दम लागू नये म्हणून औषध देऊ, मास्क तुम्हाला हवा तेवढाच ठेवू, घरचे जवळ असतील. पण त्यात तुम्ही जाल. काय करायचे?”

ते माझ्याकडे बघत नव्हते, उमेशकडे बघत होते. दोन मुठी वर आल्या. एकमेकींभोवती फिरल्या. सावकाश, तीन वेळा. मग तळवे उघडले. रिकामे.

पाचवा प्रश्न तोच होता, शब्द बदलून आणि पर्यायांचा क्रम उलटा करून. उत्तर तेच आले.

“काय म्हणाले?” उमेशने विचारले.

“मला सांगता येणार नाही. मी साक्षीदार नाही.”

एक वाजून पंचवीस मिनिटांनी परिचारिका दोन कागद घेऊन आली. पहिल्या तीन चित्रफितींचे वाचन शब्दशः जुळत होते. चौथ्या आणि पाचव्या फितीपुढे गफूरभाईंच्या कागदावर होते: ‘बीम संपला म्हनतोय. कापड उतरवा.’ मालनबाईंच्या कागदावर, दोन्हीपुढे: ‘धागा तुटलाय. जोडून माग चालू करा.’

मी दोन्ही कागद टेबलावर ठेवले. खुणा इतक्या वेगळ्या होत्या की चूक शक्य नव्हती. मालनबाई खोटे बोलल्या होत्या. नियमाच्या दृष्टीने त्याने काही फरक पडत नव्हता. दोन साक्षी जुळल्या नाहीत, नोंद रद्द, नळी घालायची. त्यांना पुन्हा विचारावे का? हवे ते उत्तर येईपर्यंत चाचणी पुन्हा पुन्हा करणे, याला माझ्या क्षेत्रात एक नाव आहे आणि ते चांगले नाही. मी ते केले असते तर उमेशने उद्या मला तेच विचारले असते आणि ते बरोबर ठरले असते.

भूलतज्ज्ञांना मी फोन केला. त्यांना नळीची तयारी करून ठेवायला सांगितले. मग खोलीत गेले. गफूरभाई आणि मालनबाई माझ्या मागून आले. मी त्यांना काही सांगितले नव्हते, अडवलेही नाही.

“अण्णा,” मी म्हणाले, “साक्षी जुळल्या नाहीत. नियमाप्रमाणे मला नळी घालावी लागेल.”

त्यांच्या पापण्या जड होऊ लागल्या होत्या. तरी वाक्य पोहोचले. कोणती साक्ष फिरली, हे त्यांना विचारावे लागले नाही. त्यांनी मान वळवली आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला दारात उभ्या असलेल्या मालनबाईंकडे पाहिले. मुठी वर आल्या. फिरल्या. तळवे उघडले.

मालनबाई हलल्या नाहीत.

पुन्हा मुठी. यावेळी डावी मूठ खांद्यापर्यंत पोहोचलीच नाही. तळवे उघडले.

“बास करा की ओ,” त्या पुटपुटल्या. “दमताय.”

तिसऱ्यांदा. मुठी छातीपर्यंतच आल्या. मास्कचे यंत्र धोक्याची घंटा वाजवू लागले. परिचारिका पुढे झाली; मी तिला हाताने थांबवले. चौथ्यांदा त्यांनी मुठी वळल्या, तेव्हा गफूरभाई न राहवून म्हणाले, “भाभी! हात वर कर! त्यो थांबनार न्हाई!”

मालनबाईंचा उजवा हात वर गेला. डोक्याच्या वर, बोटे ताठ, मागांच्या रांगांपलीकडून दिसावा असा.

धोंडीरामांचे हात गुडघ्यांवर पडले.

“लिहा म्याडम,” त्या म्हणाल्या. हात अजून वरच होता. “बीम संपलाय म्हनत्यात. मगाशी मी खोटं सांगितलं. उमेशच्या लग्नापासनं एकदा बी भांडान झालं न्हाई आमचं, आन मी तेंच्या तोंडी खोटं घातलं.”

मी लिहिले. पहिले वाचन, दुसरे वाचन, वेळ, आणि साक्षीदाराने वाचन स्वतःहून बदलल्याचे कारण, जसे सांगितले तसे. नोंदयंत्राने ते नाकारले: ‘साक्षींत तफावत. नोंद ग्राह्य नाही.’ त्याखाली एक चौकट असते, सहसा रिकामी राहणारी: वैद्यकीय अधिकाऱ्याचा स्वतःच्या जबाबदारीवरील निर्णय. तिथे सही केली तर चौकशी होते. माझ्या ओळखीच्या दोघांनी केली होती. एकाचा परवाना सहा महिने स्थगित होता.

“थांबा,” उमेश म्हणाला.

मी पेन चौकटीवरून उचलले.

“यंत्र एक्क्याऐंशी म्हणतंय. म्हणजे एकोणीस टक्के काहीच होणार नाही, असं पण म्हणतंय ना?”

“हो. सकाळी तसे म्हणत होते.”

“आणि आत्ता?”

“आत्ता मला यंत्र बघायची गरज नाही. तुलाही नाही.”

त्याने वडिलांकडे पाहिले. मग आईकडे वळला. “ती खूण,” तो म्हणाला, “कळलं म्हणायची. नुसता हात वर करायचा?”

“उजवा,” मालनबाई म्हणाल्या.

मी सही केली. वेळ लिहिली: एक वाजून अठ्ठेचाळीस मिनिटे. भूलतज्ज्ञांना परत पाठवले आणि मॉर्फिनचा लहानसा डोस मागवला.

धोंडीराम सहा दिवस जगले. दम शमल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगठा ओठाला लावला आणि दोन चमचे चहा घेतला. चौदा दिवसांत घडेल म्हणून यंत्राने सांगितलेले सहाव्या दिवशी घडले. यंत्राच्या खात्यावर ते बरोबर म्हणून जमा झाले असेल. माझी चौकशी पुढच्या महिन्यात आहे. अकरा महिन्यांपूर्वी एका रुग्णाने विचारले असता आपण संवाद का केला नाही, हा प्रश्न त्यांच्या यादीत नाही. मी स्वतःच्या निवेदनात तो घातला आहे.

त्यानंतरच्या मंगळवारी गफूरभाई व्यायाम संपवून माझ्या खोलीत आले. पडद्यावर त्यांचा आकडा होता. बारा. मी पडदा भिंतीकडे वळवला, दार लावले आणि खुर्ची टेबलाच्या अलीकडे, त्यांच्या बाजूला ओढली.

ते सावध झाले. “वाढला काय म्याडम?”

“नाही. बाराच आहे.”

“मग दार का लावलंसा?”

“बोलायचे आहे. तुम्हाला आत्ता दम नाही, म्हणून आत्ताच. बाहेर लोक आहेत, ते थांबतील.”

गफूरभाईंनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि उजवा हात डोक्याच्या वर नेला.

“इचारा,” ते म्हणाले.